खुर्चीच्या पोटातलं परराष्ट्र धोरण

सगळी गल्ली त्यांना 'मंत्री' म्हणायची. धंदा म्हणाल तर सोफे-खुर्च्यांच्या गाद्या भरायचा. दुकान एवढंसं, की सोफा आत घेतला तर मंत्री रस्त्यावर आणि मंत्री आत बसले तर सोफा रस्त्यावर. पण दुकान लहान म्हणून विचारही लहान असावेत, असं कुठे लिहिलंय? कुठल्या देशाची सरहद्द कुठून जावी, कुणी कुणाला तेल विकावं, कुठल्या राजाने आता मुकाट्याने घरी बसावं, या सगळ्यावर मंत्र्यांचं मत तयार असायचं. गल्लीच्या नळाला पाणी का येत नाही, एवढं सोडून काहीही विचारा.

ही मतं ते अर्ध्या तोंडाने सांगायचे, कारण उरलेल्या अर्ध्यात खिळे असायचे. गाद्या भरणाऱ्यांची ती पद्धतच आहे. बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तो उचलायचा आणि ठोकायचा. "वरच्या देशाने," ठक, "आधी आपलं सैन्य," ठक, "मागे घ्यायला पाहिजे." गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं. तोंडात वीस-पंचवीस खिळे घेतलेल्या माणसाशी वाद घालायची कुणाची छाती होणार?

आता एवढं ज्ञान यायचं कुठून? खरी गंमत तिथेच आहे. जुना सोफा उसवला की गोणपाटाच्या खाली, काथ्याच्या मधे, जुने पेपर सापडतात. कुणी भर म्हणून कोंबलेले, कुणी स्प्रिंगा कुरकुरू नयेत म्हणून घडी करून सारलेले. मंत्री ते झटकायचे, मांडीवर ठेवून हाताने सरळ करायचे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढायचे. आणि खुर्ची बंद करायची वेळ आली, की त्या दिवशीचा कोरा करकरीत पेपर, घडीसुद्धा न मोडता, तिच्या पोटात घालायचे. खालच्या लाकडावर पेन्सिलीने तारीख टाकायचे आणि वरून कापड ठोकून मोकळे व्हायचे.

"ताजी बातमी म्हणजे ओला सरस," ते म्हणायचे. "त्यावर बसू नये, कपडे खराब होतात. वाळू द्यावी."

म्हणजे आजची बातमी मंत्र्यांना कळणार कधी, तर ती खुर्ची पुन्हा फाटेल आणि पुन्हा त्यांच्याकडेच येईल तेव्हा. मंत्र्यांच्या हातचं काम वीस वर्षं फाटत नसे. आता करा हिशेब.

मंत्र्यांचं लग्न राहून गेलं होतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. आई गेली तेव्हा मंत्री सात वर्षांचे होते आणि अक्का सतराची. तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, शाळेने परत ढकलल्यावर कान धरून गादीवाल्याकडे कामाला नेऊन बसवलं. आता ती थकली होती. पायाला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पट्टी बदलायची, नाहीतर पाय हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि दवाखाना होता चौदा पायऱ्यांवर. ज्याने बांधला त्याने जन्मात कधी आजारी माणूस पाहिला नसावा. दगडी, गुळगुळीत, एकीसारखी दुसरी नाही अशा चौदा पायऱ्या, आणि धरायला म्हणून काही नाही. एकदा सहाव्या पायरीवरून अक्काचा तोल गेला आणि ती बसल्या बसल्या थेट फुटपाथवर आली. हाड मोडलं नाही, पण तिने कायमचा धसका घेतला. तेव्हापासून मंत्री आणि शेजारचा इस्त्रीवाला तिला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून वर न्यायचे. इस्त्रीवाला उंच, मंत्री बुटके. खुर्ची तिरकी व्हायची, अक्का डोळे मिटून घ्यायची आणि वरच्या रांगेतली माणसं वाकून वाकून बघायची.

"सामान आहे का रे मी?" ती घरी येऊन रडायची. आयुष्यभर कुणाच्या हाताचा आधार न घेतलेली बाई ती. "यापुढे नाही येणार. पाय जातो तर जाऊ दे."

कठड्यासाठी त्यांनी वॉर्डाच्या नगरसेवकांकडे चार अर्ज दिले होते. या नगरसेवकांना लोक 'बघतोसाहेब' म्हणत, कारण काहीही सांगितलं की ते "बघतो" म्हणायचे. दिवा बंद आहे, बघतो. गटार तुंबलंय, बघतो. एकदा कुणी म्हणालं, साहेब, तुमच्या मागे बैल आहे. साहेब म्हणाले, "बघतो." पुढचं सांगायला नको. तर कठड्याकडे ते पंधरा वर्षं बघत होते.

शेवटी अक्काच भडकली. "तू उभा राहा."

"उभाच आहे की," मंत्री म्हणाले.

"निवडणुकीला रे, मुलखाच्या वेड्या! निवडून ये आणि कठडा लाव. दुसरं काही करू नकोस."

अर्ज भरला. पहिली सभा गल्लीच्या तोंडाशी, एका पायमोडक्या टेबलावर. अक्का समोरच खुर्ची टाकून बसली होती. मंत्र्यांनी घसा साफ केला. "बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या दवाखान्याला कठडा नाही." अक्काने समाधानाने मान हलवली. "कठडा म्हटलं, की मला तो पूल आठवतो."

झालं! अक्काने कपाळावर हात मारला.

पुलाची भानगड अशी होती. दोन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांचा सोफा उसवताना मंत्र्यांना पेपरचा अर्धा फाटका कागद मिळाला होता. दोन देश, मधे नदी, नदीवर एकच पूल आणि त्या पुलावरून पेटलेलं युद्ध. देशांची नावं फाटक्या भागात गेली होती, म्हणून मंत्री आपले 'वरचे' आणि 'खालचे' म्हणायचे. कागदावर एक फोटोही होता. पुलाच्या तोंडाशी चौकड्यांची शाल घेतलेली एक म्हातारी उभी, आणि खाली लिहिलेलं, 'हिची बहीण पलीकडच्या तीरावर असून'. पुढे काय ते सोफ्यातल्या उंदरांना ठाऊक. ही म्हातारी मंत्र्यांच्या जिवाला लागली होती. जेवताना मधेच घास हातात धरून ते म्हणायचे, "अक्का, गाठ पडली असेल का गं त्या दोघींची?" अक्का म्हणायची, "आधी जेव."

तर अशी ती सभा पुलावर गेली आणि पुलावरच राहिली. मंत्र्यांनी आपलं धोरण मांडलं. "वाटाघाटी फिसकटतात का? तर टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकतात म्हणून! समोरासमोर बसलं की माणूस भांडणारच. त्यांना एका सोफ्यावर बसवा. आणि सोफा कसा हवा? मधे खचलेला! मग कितीही ताठ बसा, दहा मिनिटांत दोघं घसरत घसरत एकमेकांच्या खांद्याला लागतात. आपल्या सरकारने असा एक सोफा ताबडतोब पाठवावा. स्प्रिंगा मी स्वतः ढिल्या करून देईन."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. असं धोरण त्यांनी बापजन्मी ऐकलं नव्हतं. हा हा म्हणता वॉर्डात दोन तट पडले. इस्त्रीवाला वरच्यांच्या बाजूने, त्याची बायको खालच्यांच्या बाजूने, आणि तीन दिवस त्या घरात चूल धड पेटली नाही. कठड्याचं नाव कुणी काढीना. अक्का रोज बजावायची, "कठडा बोल, कठडा!" मंत्री रोज कबूल करायचे, पहिलं वाक्य कठड्याचं बोलायचे आणि दुसऱ्या वाक्याला पुलावर चढायचे.

मतदानाच्या आधीच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उमेदवारांची जाहीर चर्चा ठेवली होती. सूत्रं मुख्याध्यापिकाबाईंकडे. बाई अतिशय शिकलेल्या, त्यामुळे गटार वगैरे विषय त्यांना बरे वाटेनात. त्यांनी चष्मा सावरून विचारलं, "जगात चाललेल्या संघर्षांबाबत आपली भूमिका काय?"

बघतोसाहेब म्हणाले, "बघतो."

मग मंत्री उठले. पहिल्या रांगेतून अक्काने दात ओठ खाऊन खूण केली, पण मंत्री आता कुणाच्या बापाला ऐकणार नव्हते. वरचे, खालचे, पूल, सोफा, सगळं झालं. शेवटी ते चौकड्यांच्या शालीपाशी आले आणि त्यांचा आवाज चिरकला. "अहो, आपण इथे पंख्याखाली बसलोय, आणि ती म्हातारी या क्षणी तिकडे पुलावर उभी आहे!" हॉलमधल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

बघतोसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपली हक्काची मतं एका म्हातारीच्या शालीत गुंडाळून चाललेली त्यांना दिसत होती. ते ताडकन उठले. "अहो मंत्री, कसली म्हातारी आणि कसला पूल? ते युद्ध संपून बावीस वर्षं झाली! माझी मुलगी जन्मली त्याच दिवशी संपलं. दवाखान्यातल्या बाकावर सगळे तेच बोलत होते. मुलगी आता नोकरीला लागली!"

हॉलमध्ये जो हशा पिकला, तो थांबेचना. ज्यांनी डोळे पुसले होते ते सगळ्यात मोठ्याने हसत होते. अक्काने मान खाली घातली. चार माणसांत भावाची शोभा झाली होती आणि कठडाही गेला होता. मुकाट्याने उठावं आणि घरी जावं असं तिला झालं, पण उठायला कुणाचा तरी हात लागणार होता.

मंत्री मात्र तसेच उभे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "संपलं?" ते म्हणाले. "खरंच संपलं? साहेब, माझी शपथ घ्या!" आणि त्यांनी धावत जाऊन बघतोसाहेबांना कडकडून मिठी मारली. "अहो, दोन वर्षं मला घास गोड लागला नाही हो! अक्का, ऐकलंस का? संपलं!"

आता विरोधकाला मिठी मारलेल्या माणसाला किती हसणार? हशा विरला. मंत्र्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पण कसं संपलं?"

बघतोसाहेब म्हणाले, "म्हणजे... संपलं."

"ते कळलं हो. पण कुणी मिटवलं? पूल उघडला का? त्या दोघी भेटल्या का?"

साहेबांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा पुसायला घेतला. मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल काढले, पण देशांची नावंच ठाऊक नाहीत म्हटल्यावर मोबाइल तरी काय करणार? 'वरचे, खालचे, पूल' असं लिहिल्यावर त्याने दुमजली पलंगांच्या जाहिराती दाखवल्या. हॉलमध्ये एवढी माणसं, पण एकालाही सांगता येईना. सुरू झालेलं सगळ्यांच्या कानावर आलं होतं. संपलं कसं, ते विचारायचं प्रत्येकाच्या राहून गेलं होतं.

निवडणुकीत मंत्री सपाटून आपटले. एकशे बारा मतं. बघतोसाहेब पुन्हा आले आणि दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा तिरक्या खुर्चीतून डोळे मिटून वर गेली. उतरताना ती म्हणाली, "ही शेवटची खेप. आता मला आणू नकोस."

पण बघतोसाहेबांनाही सुख लागेना. जिथे जातील तिथे लोक विचारायचे, "साहेब, कसं हो संपलं ते?" न्हावी विचारायचा, आणि वस्तरा गळ्याशी असताना विचारायचा. घरी मुलगी विचारायची, "बाबा, माझ्या जन्माच्या दिवशी संपलं आणि तुम्ही चौकशीसुद्धा केली नाहीत?" साहेबांच्या नाकी नऊ आले. मंत्र्यांनी तर चिठ्ठीच धाडली होती, 'त्या साली वॉर्ड ऑफिसच्या बारा खुर्च्या मी भरल्या होत्या, रोज एक. खालच्या तारखा बघाव्यात.' साहेबांनी सवयीने "बघतो" म्हणून चिठ्ठी खिशात टाकली. पण या खेपेला, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी खरंच बघितलं. ऑफिस रिकामं असताना गुडघे टेकून एकेक खुर्ची उलटी केली. मुलीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवसाची तारीख सापडली ती बाराव्या खुर्चीखाली. ती त्यांची स्वतःचीच होती.

शनिवारी सकाळी साहेब हातगाडीवर खुर्ची घालून दुकानाशी हजर. अक्का दारात पाय लांब करून बसली होती. मंत्र्यांनी खुर्ची उताणी केली, खिळे उपसले, कापड सोललं, काथ्या बाजूला केला. आणि आतून निघाला पेपर, बावीस वर्षं घडी न मोडलेला, मंत्र्यांनीच स्वतःच्या हाताने आत घातलेला. पहिल्याच पानावर पुलाचा भलामोठा फोटो.

"अरे देवा," मंत्री म्हणाले. "त्या दिवशी हातात होता हा माझ्या! नुसता उघडला असता तरी..."

"आणि मी पंधरा वर्षं यावर बसतोय," बघतोसाहेब म्हणाले.

"वाचा आता," अक्का ओरडली.

मंत्र्यांनी वाचलं. तोफा थांबून महिना झाला होता, पण पुलाचे कठडे उडालेले, त्यामुळे पलीकडे जायची कुणाची हिंमत होत नव्हती. कठडा कुणी बांधायचा यावर दोन्ही सरकारांची बोलणी चालली होती, म्हणजे चालली नव्हती. एका सकाळी खालच्यांचे चार सुतार आले आणि त्यांनी आपल्या टोकापासून पुलाच्या मध्यापर्यंत कठडा बांधला. मध्यावर हत्यारं गोळा केली आणि निघून गेले. निरोप नाही, पत्र नाही. सहा दिवस वरचे त्या अर्ध्या कठड्याकडे बघत राहिले. सातव्या दिवशी त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी आपला अर्धा बांधून काढला. मग म्हाताऱ्या माणसांची ही झुंबड उडाली, आणि त्यांच्या मागून धावत धावत मंत्रिमंडळं सह्या करायला आली.

मंत्री फोटोवर नाक टेकवून बघत होते. "अक्का, ही बघ चौकड्यांची शाल! तीच ती!"

अक्काने चष्मा लावला. "पोतं आहे ते."

"शाल आहे."

"बरं, शाल," अक्का म्हणाली. मग तिने मान वळवून बघतोसाहेबांकडे नुसतं पाहिलं. साहेबांनी खाकरून सांगितलं, "कठड्याचं मी... बघतो."

मंत्र्यांनी तोंडात खिळे टाकले होते आणि ते दुकानातल्या लाकडांकडे बघत होते.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठोकाठोक सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर पाहिलं नाही म्हणता येईल. जुन्या सोफ्यांचे पाय झाले खांब, पलंगाची दांडी झाली कठडा. वर बोटभर जाड गादी आणि हिरवं रेक्झिन, वितीवितीवर गुंडी. मंत्र्यांना साधं लाकूड नागडं वाटायचं, त्याला ते तरी काय करणार? सातव्या पायरीवर शेवटचा खिळा ठोकून त्यांनी हत्यारं गोळा केली.

"अर्धाच का हो?" लोकांनी विचारलं.

"वरचा भाग वरच्यांचा," मंत्री म्हणाले आणि घरी गेले.

मग सुरू झाली मजा. माणसं मऊमऊ कठडा धरून ऐटीत सात पायऱ्या चढायची. आठवीला हात पुढे करायची, तर हातात वारा. आणि हवेत हात लटकत असताना प्रत्येकाला एकच नाव आठवायचं, ते मोठ्याने घेतलं जायचं, आणि सोबत आणखी दोन-चार शब्द. दवाखान्यात रोज शंभर माणसं येत. सहा दिवस बघतोसाहेबांनी कळ काढली. सातव्या दिवशी त्यांची मुलगी दाढ दुखते म्हणून त्याच पायऱ्या चढली आणि आठव्या पायरीवरून बापाचा उद्धार ऐकून परत आली. दुपारी लोखंडी नळ्या घेऊन सरकारी गाडी दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मंत्री नेहमीची खुर्ची आणि इस्त्रीवाल्याला घेऊन अक्काबरोबर पायऱ्यांशी आले. अक्काने दोघांना हाताने बाजूला सारलं. डाव्या हाताने हिरवी गादी घट्ट धरली आणि पहिली पायरी चढली. मग दुसरी. मंत्र्यांना खालून सूचना कराव्याशा वाटायला लागल्या, म्हणून त्यांनी खिशातले खिळे काढून तोंडात टाकले. सहावी पायरी आली. अक्का थांबली, खाली बघितलं नाही, चढली. सातवीला रेक्झिन संपलं आणि लोखंड सुरू झालं. दोन्ही कठडे एका उंचीचे नव्हतेच, सरकारी चांगला चार बोटं वर. अक्काने चाचपून हात उचलला आणि पलीकडे ठेवला.

"वरच्यांचा गार आहे रे!" ती ओरडली, आणि पुढे निघाली.

चौदावी पायरी चढून ती वळली. वरच्या रांगेतली माणसं आज वाकून बघत नव्हती, आपापल्या खोकल्यात होती. अक्काने पदर कमरेला खोचला. "अरे, पोचले मी! माझी मी पोचले!"

मंत्र्यांना खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडात खिळे होते. ते रिकाम्या खुर्चीत बसले आणि ओठ घट्ट मिटून हमसून हमसून रडले.